वैनगंगा जाते त्या समुद्राकाठी : विशाखापट्टणमचे किनारे

धान केंद्रावर पोचलं, चुकाऱ्याचे पैसे खात्यात आले आणि शाळेतलं २६ जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं, की पवनी-लाखांदूरकडच्या आमच्यासारख्या घरांना जरा उसंत मिळते. आम्ही उन्हाळी धान लावत नाही, त्यामुळे तेव्हा शेतात फारसं काम नसतं. यंदा सासूबाईंना समुद्र दाखवायचाच, असं घरात ठरलं होतं. त्यांची सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात, आणि गोसीखुर्दच्या धरणापलीकडे मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

समुद्र म्हटलं की सगळे कोकण नाहीतर गोवा सुचवतात. पण भंडाऱ्याहून कोकणात जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा पार करायचा. त्यापेक्षा विशाखापट्टणम सोपं. नागपूरहून रेल्वेने अंतर साधारण मुंबईइतकंच, आणि स्टेशनवर उतरलं की समुद्र शहरातच. दुसरं कारण माझं स्वतःचं. मी शाळेत भूगोल शिकवते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात, हे दरवर्षी मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवते. आपलं पाणी पूर्वेला जातं, तर आपणही एकदा पूर्वेला जावं, असं कधीपासून मनात होतं.

सोबत नवरा, सहावीतली मुलगी, नववीतला पुतण्या, आणि शेजारचे काका-काकू. काका ढिवर समाजाचे, गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थेचे जुने सभासद. सासरे गेल्यापासून घरचं कोणतंही मोठं काम त्यांच्याशिवाय होत नाही, मग ही सहल तरी कशी होणार?

विशाखापट्टणमला एका शहराच्या आसपास इतके किनारे आहेत की नावं ऐकूनच दमायला होतं. आरके, लॉसन्स बे, जोडुगुल्लापालेम, सागरनगर, रुषिकोंडा, मंगमारिपेटा, भीमिली, दक्षिणेला यारडा आणि अप्पिकोंडा. जो तो आपापली यादी पाठवतो आणि प्रत्येक यादीत सगळेच किनारे सुंदर असतात. आम्ही सौंदर्य बाजूला ठेवलं आणि माणसांकडे पाहिलं. सासूबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, पोट्ट्यांना पाण्यात उतरायचं आहे, काकांना डोंगे आणि जाळी पाहायची आहेत. कुठे बसायचं, कुठे उतरायचं आणि कुठे नुसतं पाहायचं, हे आधी ठरवलं आणि त्यावरून किनारे निवडले. आपण नदी-तलावाकाठची माणसं. पाणी आपल्याला कळतं, असं आपण धरून चालतो. समुद्राच्या बाबतीत हे धरून चालू नये, हे मला कळकळीने सांगायचं आहे, म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

शुक्रवार : आरके बीच

गाडी रायपूर, टिटलागढ, रायगडा करत जाते. रायगडाच्या आसपास पूर्व घाटातले डोंगर लागतात. तो भाग उजेडात पार होईल अशी गाडी मिळाली तर घ्या, मुलं खिडकी सोडत नाहीत. दुपारी उतरलो, बीच रोडच्या मागच्या गल्लीत खोल्या घेतल्या होत्या, आणि ऊन कललं तसे पायीच निघालो.

आरके म्हणजे रामकृष्ण बीच, शहराच्या ऐन मधला. रस्ता, कठडा, थोड्या पायऱ्या, रेती आणि समोर समुद्र. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे कुठवर आहे जी?" मुलीने लगेच सांगितलं, "आजी, सरळ गेलं तर म्यानमार." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला, "मंग यातलं आपलं पानी कोनतं?"

मी त्यांना सांगितलं की गोदावरीची मुखं इथून बरीच दक्षिणेला आहेत, अंतर्वेदी आणि यानमकडे. आपलं पाणी तिथे समुद्रात शिरतं. "पन समुद्र तं एकच ना," म्हणाल्या आणि चपला काढून काकूंच्या हातात दिल्या.

आरकेवर पाय भिजवावेत, त्याहून जास्त काही नाही. इथे रेती पटकन उतरती होते आणि लाट परतताना पायाखालची रेती ओढून नेते. जीवरक्षकांच्या शिट्ट्या सतत वाजत असतात, धोक्याचे फलकही आहेत, तरी पोरं पुढे जातातच. आम्ही एकमेकांचे हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिलो. सासूबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन आधी डोळ्यांना लावलं, मग जिभेवर घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी या किनाऱ्यावर खाण्याची चंगळ असते. मुरमुऱ्यात कांदा, टोमॅटो, शेंगदाणे, मसाला आणि लिंबू घालून कागदाच्या पुड्यात देतात, त्याला इथे मुरी मिक्स्चर म्हणतात. मोठ्या मिरचीची भजी मधे चिरून, आत कच्चा कांदा भरून, वर लिंबू पिळून देतात. आमच्याकडच्या माणसाला तिखटाची भीती नाही, पण ती मिरची तिखटापेक्षा आंबटाने लक्षात राहते. काकूंनी विकणाऱ्या बाईच्या शेजारी बसून बेसनात काय घातलंय ते खुणांनी विचारून घेतलं. ओवा होता.

हवेबद्दल एक सांगते. जानेवारीअखेर आमच्याकडे पहाटे शेकोटी लागते. इथे पहाटेही शाल पुरते आणि दुपारी अंग चिपचिपतं. स्वेटरांनी पिशव्या भरू नका. सुती कपडे जास्त घ्या, कारण खारट हवेत ते लवकर वाळत नाहीत.

शनिवार : रुषिकोंडा आणि पाणबुडी

पूर्वेचा किनारा असल्याने इथे सूर्य समुद्रातून वर येतो. कोकण पाहिलेल्यांनी सूर्य पाण्यात बुडताना पाहिलेला असतो, इथे पाहायचं तर पहाटे उठावं लागतं. आम्ही अंधारातच आरकेवर जाऊन बसलो. त्या वेळी फिरायला आलेले म्हातारे-म्हाताऱ्या, व्यायाम करणारी पोरं आणि चहाची एखादी गाडी, एवढंच असतं. कालची गर्दी पाहिली होती म्हणून सांगते, आरके पाहायचा तर पहाटे पाहा. सूर्य वर आला तेव्हा काकांनी हात जोडले. पुतण्या मोबाइल काढायचं विसरला, याचं मला फार बरं वाटलं.

नाश्त्याला पेसरट्टू. हिरव्या मुगाचा डोसा, त्यावर आलं-मिरची, सोबत आल्याची गोडसर-तिखट चटणी. काकूंना तो इतका आवडला की घरी मूग भिजवल्यावर किती वेळ ठेवायचे, हे त्यांनी हॉटेलवाल्याला दोनदा विचारलं.

तिथून रुषिकोंडा, शहरापासून भीमिलीच्या रस्त्याने दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. मुलांना पाण्यात उतरवायचं असेल तर याच किनाऱ्यावर उतरवा. २०२० मध्ये भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, त्यांत हा एक. पोहण्याचा भाग आखलेला, जीवरक्षक हजर, कपडे बदलायला खोल्या, आंघोळीला गोडं पाणी. बायकांसाठी ही शेवटची सोय किती महत्त्वाची, ते ओल्या साडीने बसमध्ये बसलेल्या कोणालाही विचारा.

आम्ही नऊच्या आधी पोचलो. मुलं उतरण्याआधी तिथल्या एका जीवरक्षकाने दोघांना उभं करून समजावलं. तो हिंदी बोलत होता, त्यामुळे काकाही ऐकायला आले. त्याने समुद्राकडे बोट दाखवून विचारलं, "यातली सुरक्षित जागा कोणती?" पुतण्याने जिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी गुळगुळीत दिसत होतं, ती जागा दाखवली. सगळे हीच जागा दाखवतात, असं तो म्हणाला. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं, ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात म्हणून तो शांत दिसतो. माणूस त्यात सापडला की बाहेर ओढला जातो, घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहायला लागतो, आणि तिथेच दम संपतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ओढीचा पट्टा फार रुंद नसतो, त्यातून बाजूला निघालं की मग किनाऱ्याकडे वळायचं. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

काका मनापासून ऐकत होते. नंतर म्हणाले, "पुरात नदी अशीच पार करा लागते. धारेसंगं भांडाचं नाही, तिरपं जायाचं." त्यांना ते लगेच समजलं याचं मला नवल वाटलं नाही. पण नदीत धार कुठे आहे ते दिसतं, आणि इथे जे दिसतं ते उलटं आहे, हेही त्यांनीच पोट्ट्यांना पुन्हा सांगितलं.

मुलं आखलेल्या भागात दोन तास होती. सासूबाई रेतीत चादर टाकून बसल्या आणि लाट पायापर्यंत आली की प्रत्येक वेळी हसल्या. शनिवारी सकाळी गर्दी बेताची होती, रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून आम्ही मुद्दाम आदल्या दिवशी आलो.

दुपारी आरकेवरच्या पाणबुडीत गेलो. आयएनएस कुरसुरा १९६९ मध्ये नौदलात आली, २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. लांबी ९१ मीटर, पण आत शिरलं की वाकून, अंग चोरून चालावं लागतं. सासूबाई आणि काकू बाहेर थांबल्या, गुडघे दुखणाऱ्यांनी आत जाऊ नये. सोमवारी ती बंद असते, तसा बेत आखा. आत माहिती सांगणारे नौदलातले निवृत्त गृहस्थ होते. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची गाझी पाणबुडी याच बंदराबाहेर बुडाली, ते त्यांनी सांगितलं. पण मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोलाची माहिती वेगळी होती. आरकेची रेती इतकी अरुंद का, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, या किनाऱ्याने रेती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराचे बांध समुद्रात आल्यापासून ती तिथे अडते आणि इथला किनारा झिजतो. म्हणून बंदराजवळ साचलेली रेती उपसून जहाजाने इकडे आणून टाकतात. ज्या रेतीवर आम्ही काल बसलो, ती अशी आणलेली होती. गोसीखुर्दच्या खाली नदीची रेती कशी बदलली ते आम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे हे ऐकताना नवरा आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

रविवार : भीमिली, लाल माती, तोटलाकोंडा

सगळ्या सहलीतला हा दिवस मला सगळ्यात जास्त आवडला, आणि तो काका-काकूंचा होता.

पहाटेच गाडी ठरवून निघालो. आरटीसी कॉम्प्लेक्स या शहरातल्या बसस्थानकावरून भीमिलीला सिटी बसही जाते, पण माशांचा लिलाव गाठायचा तर आपली गाडी बरी. रस्ता जवळपास तीस किलोमीटर समुद्राला धरून जातो. भीमिली म्हणजे भीमुनिपट्टणम, गोस्थनी नदीच्या मुखावरचं जुनं गाव. बोर्रा गुहांमधून वाहत येणारी ही नदी इथे समुद्राला मिळते. सतराव्या शतकात डच इथे आले, वखार घातली, आणि त्यांच्या थडग्यांची दफनभूमी अजून आहे. नगरपालिका १८६१ मध्येच झाली होती. इतकं जुनं गाव असूनही किनाऱ्यावर धावपळ फक्त माशांची.

आम्ही पोचलो तेव्हा डोंगे परतत होते. पोरं-बाप्ये मिळून ते रेतीवर ओढत होते. मासळी रेतीवरच ढीग करून टाकली जाते. सुरमई, बांगडे, लांब चंदेरी वाकट्या, खेकडे. ढिगाभोवती बायका जमतात आणि लिलाव सुरू होतो. बोली लावणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, कमरेच्या बटव्यातून पैसे काढून मोजणाऱ्याही बायकाच. एका ढिगाचा सौदा आम्ही नीट पाहीपर्यंत आटोपलेला असायचा. पुरुष डोंगे आणि जाळी आवरत होते.

काकू पुढे सरकत सरकत अगदी ढिगाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथे एका कॉलेजच्या मुलीला हिंदी येत होतं. तिची आई मासे घेत होती. काकूंनी तिच्यामार्फत प्रश्नांची सरबत्ती लावली. भाव कोण ठरवतं? उधारी असते का? उरलेल्या मासळीचं काय करता? आईने उत्तर दिलं की उरलेली खारवून वाळवतो, आणि समोरच्या रेतीवर पसरलेली मासळी दाखवली. काकू वळून मला म्हणाल्या, "आपल्या पाळीवर काट्याजवळ एक तरी बाई उभी रायते का जी?" आमच्या तलावावर बायका झिंगे पकडतात, मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकतात, पण मोठ्या मासळीचं वजन आणि भाव व्यापारी आणि पुरुष सभासदच करतात. याआधी या गोष्टीकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

काका दुसरीकडे होते. सावलीत एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. काका त्याच्या शेजारी उकिडवे बसले. तो तेलुगू, हे आमची पूर्व विदर्भातली झाडीबोली, मधे कोणी दुभाष्या नाही. थोड्या वेळाने काकांनी हात पुढे केला, म्हाताऱ्याने सुई आणि दोरा त्यांच्या हातात दिला, आणि काकांनी जाळ्याच्या फाटलेल्या घराच्या चार गाठी मारून दाखवल्या. गाठ तीच होती. म्हाताऱ्याने ती ओढून पाहिली, मान डोलावली आणि खिशातून बिडी काढून दिली. मग दोघांची बोटांनी, हातांनी बोलणी सुरू झाली. जाळ्याचं घर किती बोटांचं, शिसं किती लावता, केवढा मासा लागतो. मरळ केवढी मिळते हे सांगायला काकांनी कोपरापर्यंत हात दाखवला. म्हाताऱ्याने खांद्यापर्यंत हात दाखवून समुद्राकडे बोट केलं. निघताना त्याने आम्हाला घरी चहाला नेलं. घर एका खोलीचं, भिंतीवर मुलाचा नौदल गोदीतल्या कामाच्या कपड्यांतला फोटो. मुलगा डोंग्यावर जात नाही, हे त्याने फोटोकडे आणि डोंग्याकडे हात करून सांगितलं. काकांचाही मुलगा नागपूरला कंपनीत आहे. त्यांनीही तसंच हाताने सांगितलं.

जेवण गावातल्या साध्या खाणावळीत. भात, पातळ आमटी, चिंचेतली मासळी, आणि गोंगुरा. ताटात गोंगुरा पाहून सासूबाईंचा चेहरा खुलला, कारण ती आपली अंबाडीच. फक्त इथे तिच्यात कण्या घालत नाहीत, तेलात परतून मिरचीसोबत वाटतात. झाडीपट्टीच्या माणसाला आंध्रात जेवणाची अडचण येत नाही. भात हवा तेवढा वाढतात.

परतीच्या वाटेवर एर्र मट्टी दिब्बलु. किनाऱ्याला लागूनच लाल रेतीचे उंच थर, पावसाने चिरत गेलेल्या खोल घळी. हजारो वर्षांपासून वाऱ्याने, पाण्याने आणि समुद्राच्या वरखाली होण्याने हे घडत गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही जागा राष्ट्रीय भूवारसा म्हणून जाहीर केली आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला उत्खातभूमी म्हणतो, ती मी पहिल्यांदा इतकी स्पष्ट पाहिली. कडे ठिसूळ आहेत, त्यांवर चढू नका. ते तुमच्यासाठीही बरं नाही आणि त्या कड्यांसाठीही नाही. माती बाटलीत भरून नेणारी माणसं दिसली, ते पाहून वाईट वाटलं. भरदुपारी इथे सावली नाही, पाणी सोबत हवंच.

तोटलाकोंड्याला मी हट्टाने नेलं. समुद्रावरच्या टेकडीवर इसवी सनाच्या आधीपासूनचा बौद्ध विहार आणि स्तूपाचे अवशेष आहेत. नौदलाच्या हवाई पाहणीत ही जागा लक्षात आली आणि मग उत्खनन झालं. खडकात कोरलेली पाण्याची टाकी अजून आहेत. आमच्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून जो स्तूप उजेडात आणला, तो मुलीने पाहिला आहे. इथे तिने आपणहून विचारलं, "आई, पवनीचे भिक्खू इकडे आले असतील का?" मी तिला सांगितलं, तसा लेख काही मला माहीत नाही, पण नदीच्या आणि समुद्राच्या वाटेने व्यापारी आणि भिक्खू फिरत होते, आणि इथे रोमन नाणीसुद्धा सापडली आहेत. तिने ते वहीत लिहून घेतलं. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे सासूबाईंनाही त्रास झाला नाही.

सोमवार : यारडा

यारडा शहराच्या दक्षिणेला, डॉल्फिन्स नोज नावाच्या डोंगरापलीकडे. वाटेत सिंधिया नावाचा भाग लागतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४१ मध्ये इथे जहाजबांधणीचा कारखाना काढला, तोच पुढे हिंदुस्थान शिपयार्ड झाला. इथे बांधलेलं जलउषा जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरलं. सोलापुरात ना समुद्र ना खाडी, तिथे जन्मलेल्या माणसाने हे इथे उभं केलं, हे पोट्ट्यांना मी दोनदा ऐकवलं.

डोंगर चढून गाडी पलीकडे वळली की खाली यारडा दिसतो. तीन बाजूंना हिरवे डोंगर, चौथ्या बाजूला समुद्र, नारळाची झाडं, पिवळी रेती. इतका देखणा किनारा या सहलीत दुसरा नव्हता. आणि पाण्यात उतरायला इतका वाईटही दुसरा नव्हता. इथे माणसं बुडाल्याच्या बातम्या नेहमी येतात, बहुतेक बाहेरगावची कॉलेजची मुलं.

पुतण्याला रुषिकोंड्यानंतर धीर आला होता. तो शर्ट काढायला लागला तसं काकांनी त्याला थांबवलं. नारळपाणी पिऊन झालं होतं, त्यांनी शहाळ्याचा एक तुकडा घेतला, गुडघ्याएवढ्या पाण्यापर्यंत गेले आणि पुढे फेकला. लाटेने तो परत आणला, मग बाजूला नेला, बराच बाजूला, आणि एका जागी पोचल्यावर तो भरभर आत जायला लागला. लाटा त्याला वळवत नव्हत्या. थोड्या वेळात दिसेनासा झाला.

"पायलं?" काका म्हणाले. "इथं उतराचं नाही. मीसुद्धा नाही."

काका आमच्या तलावात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहतात, पुरात माणसं काढलेली आहेत त्यांनी. त्यांनी 'मीसुद्धा नाही' म्हटल्यावर पुतण्याने मुकाट शर्ट घातला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी नदीत आणि तलावात पोरं गमावली आहेत. तिथलीच पोरं चांगलं पोहता येतं म्हणून समुद्रात उतरतात. यारड्याला जरूर जा, दिवसभर बसा, रेतीत चाला, नारळपाणी प्या. पाण्याशी मात्र घोट्यापर्यंतच संबंध ठेवा. रस्त्यापासून रेतीपर्यंत थोडं उतरावं लागतं. सासूबाई वरच्या बाजूला झाडाखाली बसल्या आणि तिथून त्यांना सगळं दिसत होतं. इथे खाण्याची सोय बेताची, डबा सोबत न्या.

त्या रात्री सासूबाईंना झोप आली नाही. खोलीत लाटांचा आवाज येत होता. म्हणाल्या, कोणी रात्रभर थ्रेशर चालू ठेवल्यावानी वाटते.

मंगळवार : जोडुगुल्लापालेम

गाडी उशिराची होती, म्हणून सकाळी कैलासगिरी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या जोडुगुल्लापालेमला गेलो. मच्छीमारांची छोटी वस्ती, पर्यटक जवळजवळ नाहीत. रेतीत जाळी लावून कुंपण घातलेली जागा दिसली. जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वनविभागाची माणसं कुत्र्यांपासून वाचवायला ती अंडी उचलून कुंपणात पुरतात. राखणदाराने मुलीला आत बोलावून प्रत्येक घरट्यावरची पाटी दाखवली, अंडी कोणत्या तारखेला पुरली ते त्यावर लिहिलेलं असतं. पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे पिल्लं समुद्रात सोडताना पाहायची असतील तर मार्चच्या सुमारास या, आणि तेव्हा टॉर्च, मोबाइलचा उजेड टाळा.

थोडं पुढे एक मोठं कासव मरून पडलं होतं. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं की कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ते गुदमरतं, असं राखणदार म्हणाला. काकांनी विचारलं, "मंग जाळ्याले बाहेर निघाले वाट काहून ठेवत नाही?" तशी वाट ठेवलेली जाळी असतात, पण सगळे वापरत नाहीत, हे उत्तर काकांना अजिबात पटलं नाही. परत येताना ते त्यावरच बोलत होते.

घरी न्यायला बाजारातून माडुगुल हलवा घेतला, गव्हाच्या सत्त्वाचा, तुपाने ओथंबलेला, बरेच दिवस टिकतो. काकूंनी भीमिलीहून वाळलेली मासळी आणली होती. ती न्यायची असेल तर दोन जाड पिशव्यांत बांधून झाकणाच्या डब्यात घाला, नाहीतर रेल्वेच्या डब्यातले लोक रात्रभर बोलतात. आमचा डबा पक्का होता.

गावी पोचल्यावर पुढच्या महिन्यात संस्थेची सभा होती. काकांनी तिथे विषय मांडला की मासळीच्या काट्याजवळ आणि भावाच्या बोलणीत दोन बायका बसाव्यात. दोघा-तिघांनी नको म्हटलं. काकू सभेत होत्या. त्यांनी भीमिलीच्या लिलावाचं सगळं वर्णन उभं राहून सांगितलं, कोण बोली लावतं, पैसे कोण मोजतं. त्यानंतरच्या मासेमारीला त्या आणि शेजारची एक सून काट्याजवळ होत्या, आणि मी वही घेऊन वजनं लिहायला गेले होते.